रिद्धपूरची कुलूपबंद अक्षरे

माणूस जे बोलतो, लिहितो, हाताच्या खुणेने सुचवतो किंवा नुसते अंगावर वागवतो, त्यातून समोरच्याला अर्थ कसा कळतो याचा शिस्तीने केलेला अभ्यास म्हणजे चिन्हमीमांसा होय. स्वित्झर्लंडचे भाषावैज्ञानिक फेर्दिनां द सोस्यूर (१८५७–१९१३) आणि अमेरिकेचे तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स (१८३९–१९१४) यांनी जवळपास एकाच काळात, परंतु परस्परांपासून स्वतंत्रपणे, या शास्त्राचा आधुनिक पाया घातला, आणि मराठीत पुण्याच्या अशोक केळकरांनी भाषा, साहित्य व संस्कृती यांच्या विवेचनात हा विचार मुरवला. नाव जड असल्यामुळे हा विषय विद्यापीठांच्या भिंतींआडचा वाटतो; प्रत्यक्षात त्याचे बहुतेक मूळ प्रश्न अमरावती-अकोल्याच्या परिसरातच हाताला लागतात, आणि त्यांतला एक तर मराठी वाङ्मयाच्या इतिहासालाच कलाटणी देणारा ठरला.

पर्सने चिन्हांचे तीन प्रकार मानले. ज्याचे आपल्या विषयाशी दिसण्यात साम्य असते ते प्रतिमाचिन्ह, जसे छायाचित्र किंवा नकाशा. ज्याचा विषयाशी प्रत्यक्ष, बहुधा कार्यकारणाचा, संबंध असतो ते दर्शकचिन्ह. आणि जे केवळ लोकांच्या संकेतामुळे अर्थ वाहते ते प्रतीकचिन्ह. दुसऱ्या प्रकारासाठी आपले नैयायिक धूर आणि अग्नी यांचा दाखला देत आले आहेत, पण वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्यासाठी डोंगरावरच्या धुराकडे पाहण्याची गरज नाही. पऱ्हाटीवरचे एखादे फूल नीट न उमलता पाकळ्या एकमेकींत गुरफटून गुलाबाच्या कळीसारखे मिटलेले राहिले, तर त्याला तो डोमकळी म्हणतो आणि आत गुलाबी बोंडअळी बसली आहे हे अळी न पाहताच ओळखतो. फुलाला काही सांगायचे नसते. अळीने पाकळ्या जखडल्या म्हणून ते तसे दिसते, आणि पाहणाऱ्याच्या अनुभवामुळे त्या दिसण्याची खूण होते. ‘डोमकळी’ हा शब्द मात्र तिसऱ्या प्रकारात मोडतो, कारण त्या ध्वनींचा फुलाशी वा अळीशी कोणताही निसर्गसिद्ध संबंध नाही. सोस्यूरने चिन्हाची दोन अंगे मानली होती, ध्वनिरूप ते चिन्हक आणि त्याने सूचित होणारी कल्पना ते चिन्हित; या दोहोंची गाठ यादृच्छिक, म्हणजे केवळ वहिवाटीने पडलेली असते, हा त्याचा मुख्य सिद्धांत होय.

ही गाठ बोलणाऱ्या समाजाच्या हातात असते असे म्हटले, तर त्या समाजातल्या काहींनीच ती सोडवून निराळी बांधली आणि तिचे रहस्य आपल्यापाशी ठेवले तर काय होईल? याचे उत्तर अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला मिळते. तेराव्या शतकात हे गाव महानुभाव पंथाचे केंद्र होते: पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू गोविंदप्रभू येथे राहत, चक्रधरांच्या मागे नागदेवाचार्यांनी पंथाची धुरा येथूनच वाहिली, आणि म्हाइंभटांनी स्वामींच्या सहवासातल्या माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी गोळा करून, इ. स. १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. केशिराजबासांनी संस्कृतात रचना सुरू केली तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण संस्कृत न जाणणाऱ्या पंथातल्या म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. ही हकीकत ‘स्मृतिस्थळा’त आली आहे आणि भाषेच्या निवडीमागचे इतके स्वच्छ कारण जुन्या मराठीत क्वचितच सापडते.

पुढे चौदाव्या शतकात याच पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत उतरवायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, वज्रलिपी अशी त्यांची नावे असून, सर्वांत अधिक वापरली गेलेली सकळ लिपी परंपरेने रवळोबासांच्या नावावर आहे. राजकीय धामधुमीत ग्रंथ सुरक्षित राहावेत, अनधिकारी माणसाच्या हाती पडून त्यांची अवहेलना होऊ नये, अशी कारणे यामागे सांगितली जातात आणि ती त्या काळाला धरूनच आहेत. परंतु म्हाताऱ्यांसाठी जी भाषा मुद्दाम निवडली, तिच्यावरच पुढच्या पिढ्यांनी कुलूप घालावे, यातला विरोध नजरेआड करता येत नाही.

या कुलपाची रचना समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, एखाद्या लिपीत ‘क’च्या जागी ‘म’ आणि ‘म’च्या जागी ‘क’ लिहायचे, तसेच ‘ळ’ आणि ‘र’ यांची अदलाबदल करायची असे ठरले. मग ‘कमळ’ लिहिताना कागदावर ‘मकर’ उमटेल. लिपी ठाऊक असलेला वाचक पाण्यात उमललेले फूल पाहील, नसलेला वाचक त्याच पाण्यात सुसर पाहील, आणि गंमत अशी की आपले काही चुकते आहे अशी शंकाही त्याला येणार नाही. सोस्यूर ज्याला यादृच्छिकता म्हणतो ती येथे डोळ्यांदेखत दिसते: शाई तीच, वळणे तीच, बदलला तो फक्त वाचणाऱ्यांमधला करार. मात्र हा करार वरच्या थरावरचाच होता हेही लक्षात घ्यावे लागते. अक्षर हे ध्वनीचे चिन्ह आणि ध्वनींची माळ हे अर्थाचे चिन्ह, अशा दोन पायऱ्यांपैकी सांकेतिक लिपीने पहिलीच पायरी हलवली. दुसरी, म्हणजे मराठी भाषा, जागच्या जागी राहिली. त्यामुळेच पंथ पंजाब आणि काबूलपर्यंत पसरला तेव्हा तिथल्या अनुयायांनाही धर्मग्रंथांसाठी मराठीच शिकावी लागली; आणि त्यामुळेच ही लिपी पुढे उकलता आली, कारण अक्षराला अक्षर बदलले तरी कोणते अक्षर वारंवार येते, कोणते कोणाशेजारी बसते, ही भाषेची चाल झाकली जात नाही.

तोपर्यंत पाचशेहून अधिक वर्षे गेली होती. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीचे रहस्य उलगडले, पंथातल्या काही महंतांनी अभ्यासकांना पोथ्या दाखवल्या, आणि मराठी गद्याचा आरंभ बखरींच्या बराच मागे, यादवकाळात, नेऊन ठेवावा लागला. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात आणि वि. भि. कोलते यांनी १९७८ मध्ये ‘लीळाचरित्र’ संपादून छापले. लंडनमध्ये इयन रेसाइड यांनी सकळ लिपीवर स्वतंत्र निबंध लिहिला. ज्या रिद्धपूरला ‘लीळाचरित्र’ लिहिले गेले तेथे २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले.

केशिराजबासांचा ‘दृष्टान्तपाठ’ही या संदर्भात पाहण्याजोगा आहे. त्यातल्या ११४ दृष्टान्तांची मांडणी तीन पदरी आहे: आधी चक्रधरांचे वचन म्हणजे सूत्र, मग छोटी गोष्ट म्हणजे दृष्टान्त, आणि शेवटी त्या गोष्टीचा अर्थ उलगडणारे दार्ष्टान्तिक. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची प्रसिद्ध गोष्ट त्यात आहे; पाय हाताला लागलेल्याला हत्ती खांबासारखा वाटतो, कान लागलेल्याला सुपासारखा. पर्सच्या मते चिन्ह, विषय आणि चिन्ह पाहून मनात उठणारा अर्थबोध या तिघांशिवाय अर्थव्यवहार पुरा होत नाही. दोन त्रयींचे साम्य फार ताणू नये, पण गोष्ट सांगून झाल्यावर तिचा बोध वाचकावर न सोडता स्वतंत्रपणे नोंदवण्याची निकड केशिराजांना वाटली, याचा अर्थ गोष्ट आणि तिचा अर्थ आपोआप एकत्र राहत नाहीत याची जाणीव त्यांना होती.

लिखित चिन्हांप्रमाणेच उच्चारही खूण बनतो. वऱ्हाडी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, त्यामुळे डोळा हा ‘डोया’, शाळा ही ‘शाया’ आणि काळा हा ‘काया’ होतो. ‘काया’ म्हणजे शरीर असा शब्द मराठीत आधीच असल्याने येथे घोटाळा व्हायला हवा, परंतु तो होत नाही, कारण रोजच्या बोलण्यात वऱ्हाडी माणूस शरीराला ‘आंग’ म्हणतो आणि शरीरवाची ‘काया’ कीर्तनापुरती उरते. शब्दाचे मोल त्याच्या शेजारच्या शब्दांवरून ठरते हे सोस्यूरचे म्हणणे याहून सोप्या रीतीने दाखवता येणार नाही. याच उच्चाराला, तसेच ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ या रूपांना, आणखी एक अर्थ चिकटवला जातो. नाटक-सिनेमांत ती ऐकू आली की बोलणारा भोळा किंवा विनोदी आहे असे प्रेक्षक गृहीत धरतात, अकोल्याच्या बाजारात मात्र त्याच रूपांवरून फक्त तो इथलाच आहे एवढे कळते. भोळेपणा उच्चारात नसून ऐकणाऱ्याच्या कानात आहे. (‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या गाजलेल्या प्रयोगातले वऱ्हाड हे लग्नाचे असून त्यातली बोली मराठवाड्याची आहे, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही.)

महानुभावांची चिन्हे ठरावीक माणसांसाठी होती, तर अमरावती जिल्ह्यातल्याच शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांची चिन्हे कोणालाही वाचता येत. खराटा, चिंध्यांचे अंगरखे आणि हातातले मातीचे गाडगे एवढाच त्यांचा सरंजाम होता. गावात शिरताच ते बोलण्याआधी झाडू लागत, त्यामुळे खराटा हे आधी प्रत्यक्ष कामाचे दर्शकचिन्ह होते आणि नंतर पुतळ्यांत, चित्रांत व २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानात त्याचे प्रतीक झाले. नावाची वाटही अशीच आहे. संस्कृत साहित्यशास्त्रात शब्दाचा सरळ अर्थ देणाऱ्या शक्तीला अभिधा आणि सरळ अर्थ जुळेनासा झाला की संबंधित दुसऱ्या अर्थाकडे नेणाऱ्या शक्तीला लक्षणा म्हणतात. गाडगे घेऊन फिरणाऱ्या माणसाला लोक ‘गाडगे’ म्हणू लागले ही शुद्ध लक्षणा होय. कोठे त्यांना गोधडेबुवा तर कोठे चिंधेबुवा म्हणत, पण टिकले ते गाडगे. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या एका माणसाच्या हातातले मातीचे भांडे आता अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या पदव्यांवर छापले जाते.