‘एकदा तरी पिल्लं होऊ द्या’ म्हणण्यापूर्वी

घरातली लॅब्रॅडॉर आठ वर्षांची झाली आहे. दोन दिवस जेवणाला तोंड लावत नाही, पाण्याचं भांडं मात्र सारखं रिकामं करते. रात्री दोनदा उठून लघवीला बाहेर न्यावं लागतं. घरच्यांना वाटतं, वय झालं. कुणी मधुमेहाची शंका काढतं. पशुवैद्य सोनोग्राफी करतात, तेव्हा गर्भाशय पुवाने भरलेलं दिसतं. या आजाराला पायोमेट्रा म्हणतात. पशुवैद्यांना तो काही नवा नाही, पण कुत्रा पाळणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलेलं असतं ते शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी.

हा आजार किती आढळतो, याचा चांगला अंदाज स्वीडनमधून मिळाला. तिथे कुत्र्यांचा विमा काढण्याची पद्धत आहे आणि निरोगी मादीची नसबंदी करण्याची प्रथा फारशी नव्हती. विम्याच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दहा वर्षांची होण्याआधी जवळजवळ दर चौथ्या मादीला पायोमेट्रा झाल्याचं आढळलं.

कारण समजून घ्यायचं तर आधी एक गैरसमज दूर करावा लागतो. कुत्रीला रक्तस्राव होतो त्याला आपण ‘पाळी’ म्हणतो आणि माणसाचं गणित तिला लावतो. प्रत्यक्षात हे दोन्ही उलट आहेत. स्त्रीला पाळी येते ती गर्भ न राहिल्यामुळे. कुत्रीला रक्त दिसतं ते माज सुरू होताना, म्हणजे गर्भधारणेच्या तयारीत. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं आणि गर्भ राहिला असो वा नसो, सुमारे दोन महिने वाढलेलंच राहतं. शरीर जणू गर्भ आहे असं धरून चालतं. गर्भाशयाचं अस्तर जाड होतं, त्यातून स्राव पाझरतो, तोंड मिटतं आणि जंतूंशी लढण्याची तिथली ताकद कमी होते. माजाच्या काळात आत शिरलेल्या जंतूंना, विशेषतः ई. कोलायला, याहून चांगली जागा कुठली? साधारण सहा-सात महिन्यांनी हेच पुन्हा होतं. कुत्रीला रजोनिवृत्ती नसते, त्यामुळे म्हातारपणीही हे चक्र थांबत नाही.

माज संपून चार ते आठ आठवडे झाले, की धोक्याचा काळ येतो. जंतूंच्या विषाचा मूत्रपिंडांवर परिणाम होतो, म्हणून तहान आणि लघवी वाढते. काही वेळा मागून पू येताना दिसतो. गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर तोही दिसत नाही, आणि हाच प्रकार जास्त घातक. अशा वेळी तातडीने गर्भाशय काढावं लागतं. म्हणजे जी शस्त्रक्रिया तरुण, निरोगी जनावरावर निवांत करता आली असती, तीच आता म्हाताऱ्या, जंतुसंसर्गाने खचलेल्या जनावरावर करायची. भूल देणारा माणूस यातला फरक चांगलाच ओळखतो.

इथे ‘नसबंदी’ हा शब्दही थोडा फसवतो. माणसांच्या नसबंदीत फक्त नळ्या बंद करतात, ग्रंथी तशाच राहतात. कुत्र्या-मांजरांच्या शस्त्रक्रियेत मादीची बीजांडं, बहुधा गर्भाशयासह, आणि नराचे वृषण काढतात. संप्रेरकांचं चक्रच थांबतं, म्हणून पायोमेट्राची भीती जवळजवळ संपते. शस्त्रक्रिया टाळण्यासाठी माज थांबवणारी इंजेक्शनं किंवा माणसांच्या गर्भनिरोधक गोळ्या देण्याचा प्रकार सर्रास चालतो. त्यात बहुधा प्रोजेस्टेरॉनसारखंच औषध असतं, म्हणजे पायोमेट्राला आमंत्रणच.

दुसरा प्रश्न स्तनांच्या गाठींचा. १९६९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रींमध्ये या गाठींचा धोका, शस्त्रक्रिया न झालेल्यांच्या तुलनेत, ०.५ टक्के इतकाच आढळला. एका माजानंतर तो ८ टक्के, दोन माजांनंतर २६ टक्के होता. पुढे काही संशोधकांनी या पुराव्याच्या भक्कमपणावर शंका घेतली, तेव्हा आकडे अगदी काट्यावर तोलू नयेत. पण कुत्रीच्या स्तनातल्या सुमारे निम्म्या गाठी कर्करोगाच्या असतात आणि मांजरीच्या तर बहुतेक सगळ्याच. हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे आणखी एक चमत्कारिक कर्करोग दिसतो. तो समागमातून एका कुत्र्याच्या पेशी दुसऱ्याच्या अंगावर रुजून पसरतो. मोकळं सुटलेलं पाळीव कुत्रं रस्त्यावरून तो घेऊन येतं. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात त्या व्हिन्क्रिस्टिनने तो बहुधा बरा होतो, पण आठवड्याला एक अशी इंजेक्शनं घेत बसावं लागतं.

मांजरींचं गणित आणखी वेगळं. समागम झाला की मगच बीज सुटतं, त्यामुळे गर्भ सहसा चुकत नाही. चार-पाच महिन्यांचं पिल्लूही माजावर येऊ शकतं आणि सुमारे नऊ आठवड्यांत विते. अंगावर पिणारी पिल्लं असताना ती पुन्हा गाभण राहू शकते. बोक्याची शस्त्रक्रिया केली, तर भिंतींवर मूत्राचे फवारे मारण्याची सवय दहांपैकी नऊ जणांत सुटते किंवा खूप कमी होते. नर कुत्र्याचं भटकणं कमी होतं, पण चावरा कुत्रा यामुळे हमखास शांत होईल असं कुणी सांगू नये.

‘एकदा तरी आई होऊ द्या’ या आग्रहाला वैद्यकीय आधार नाही. झालेल्या पिल्लांना घरं मिळतातच असं नाही. मग ती मंडईत, देवळाबाहेर सोडली जातात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयाला देतात, ती या पिल्लांना मिळत नाही. जगातले रेबीजचे सुमारे ३६ टक्के मृत्यू भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तरी ‘पिल्लूच आहे, त्याला कसला रेबीज’ म्हणून ओरखड्याकडे दुर्लक्ष करणारे आईबाप आहेतच. पिल्लांनाही रेबीज होतो. जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. पाळीव प्राण्याची नसबंदी आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी असल्याचं केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत म्हटलं आहे.

शस्त्रक्रियेचे तोटेही आहेत. नंतर वजन वाढतं. काही माद्यांना, विशेषतः मोठ्या जातींच्या, पुढे झोपेत लघवी होते. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत फार लवकर शस्त्रक्रिया केल्यास सांध्यांचे विकार वाढतात, असं कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अभ्यासात दिसलं. म्हणून सगळ्यांना एकच वय लावू नये. मांजरीसाठी पाच महिन्यांच्या आत, लहान जातीच्या कुत्रीसाठी साधारण सहाव्या महिन्यात, मोठ्या जातीसाठी वाढ पूर्ण होऊ देऊन, हे पशुवैद्याशी बोलून ठरवावं. ऐन माजात शक्यतो नको, तेव्हा रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात.

खर्चाची अडचण असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात किंवा परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करावी. टाके सुकेपर्यंत, म्हणजे दहा ते चौदा दिवस, गळ्यातली कॉलर काढू नये, आंघोळ घालू नये. खाणं सुमारे पाव हिश्शाने कमी करावं. आणि नराला घरी आणल्यावर लगेच मोकळं सोडू नये, कारण पुढचे काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो.