एक कळ, दोन कारणे

सत्तरी ओलांडलेला गृहस्थ जिना चढताना मध्येच थांबतो, छातीवर हात ठेवितो, आणि घरची मंडळी म्हणतात, "वय झाले, दुसरे काय!" परंतु या थांबण्यामागे दोन निरनिराळे विकार असू शकतात, आणि पुष्कळदा ते दोन्ही एकत्र नांदतात.

पहिला विकार महारोहिणीच्या मुखाशी असलेल्या झडपेचा. निरोगी प्रौढ माणसात तिचे द्वार ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. उतारवयात तिच्या पाकळ्यांवर चुन्याचे थर बसतात. द्वार १ चौरस सेंटिमीटरहून लहान झाले म्हणजे रोग तीव्र समजतात. अशा चिंचोळ्या वाटेने सर्व शरीराचे रक्त लोटावयाचे, म्हणून हृदयाचा स्नायू जाड होतो. जाड स्नायूस रक्त अधिक लागते. पण ते त्यास मुख्यत्वे दोन ठोक्यांमधील विसाव्यातच मिळते, आणि श्रमाने तो विसावा आखूड होतो. म्हणून हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या स्वच्छ असूनही छातीत कळ येते.

दुसरा विकार त्या रोहिण्यांतच मेद साचण्याचा. वार्धक्य, धूम्रपान, रक्तदाब व मधुमेह ही दोहोंची समाईक कारणे होत. तेव्हा झडप तीव्र अरुंद झालेल्या वृद्धांपैकी जवळजवळ निम्म्यांस हाही विकार आढळतो, यात नवल नाही. उलट, बालपणीच्या संधिवाताच्या ज्वराने झडप बिघडलेल्या तरुणांच्या रोहिण्या बहुधा निर्दोष असतात.

कळ एकच, तेव्हा केवळ लक्षणे ऐकून निवाडा होत नाही. झडपेची स्थिती इकोकार्डिओग्राफीने कळते, रोहिण्यांची अँजिओग्राफीने. ही दुसरी तपासणी १९५८ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांना अनपेक्षितपणे गवसली. म्हणूनच शस्त्रक्रियेने झडप बदलण्यापूर्वी चाळिशीपुढील पुरुषांच्या व ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या रोहिण्या सामान्यतः तपासतात, आणि आवश्यक तर त्याच शस्त्रक्रियेत बायपासही करितात. २००२ साली फ्रान्समधील रूआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून नळीवाटे नवी झडप बसविली. त्या मार्गाने जाणाऱ्या रुग्णाच्या रोहिण्यांत स्टेंट घालावा की नाही, हे अडथळ्याची जागा व प्रमाण पाहून ठरवितात.

श्रोत्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. झडप अरुंद असता जिभेखाली ठेवावयाच्या गोळीने रक्तदाब एकाएकी उतरून घेरी येऊ शकते. म्हणून ती वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये. आणि औषधाने ही झडप उघडत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर उपचार न झाल्यास पुष्कळांचे आयुष्य दोन ते पाच वर्षांचेच उरते. यास्तव जिन्यावरचे ते थांबणे वयाच्या खाती जमा करण्यापूर्वी हृदय तपासून घ्यावे.