पावसाळ्यात धान्याला ओल लागते ती कोठून?



मृगाच्या तोंडावर आपण सगळेच घर शाकारतो. फुटकी कौले बदलतो, पत्र्याची भोके डांबराने बुजवतो आणि म्हणतो, चला, धान्याची काळजी मिटली. मग मघा-पूर्वाच्या सुमारास कणगीत हात घातला की कोंदट वास येतो. ज्वारी हाताला कोमट लागते. हरभऱ्याला भुंग्याने भोके पाडलेली असतात. वर बघावं तर छपरातून एक थेंबही गळलेला नाही. मग ही ओल आली कोठून?

हा प्रश्न साधा नाही, मंडळी. फाल्गुन-चैत्रात घरात आलेली ज्वारी, गहू, हरभरा, तूर यांनाच पुढे पावसाचे चार महिने काढायचे असतात. त्यातूनच वर्षाची भाकरी निघते, आणि घरचे बी वापरणारांचे रब्बीचे बियाणेही त्यातच असते. खायचे धान्य खराब झाले तर विकत तरी आणता येईल. पण बियाण्याचा जीव गेला तर ते कळते हस्ताच्या पावसावर पेरणी झाल्यावर, आणि तोवर वाफसा निघून गेलेला असतो.

ओलीच्या चार वाटा

छपराची गळती डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा बंदोबस्त आपण करतो. पण न दिसणाऱ्या आणखी चार वाटा आहेत.

पहिली वाट दाण्याच्या पोटातली. दाणा वरून कोरडा दिसला तरी आत पाणी असते. दुसरी वाट जमिनीची. पावसाळ्यात भुई खालून पाणी ओढते आणि वर ठेवलेले पोते ते पिऊन घेते. तिसरी वाट भिंतीची. पावसाच्या माऱ्याची भिंत आतून थंड व ओलसर होते, आणि तिला टेकलेली पोती त्या बाजूने काळी पडतात. चौथी वाट हवेची. आषाढ-श्रावणातली दमट हवा लागली की कोरडा दाणाही हळूहळू ओल धरतो. पापड कसा सादळतो, तसेच हे.

एक वाट बुजवली आणि तीन उघड्या ठेवल्या तर काम साधत नाही. म्हणून एकेक क्रमाने पाहू.

पहिली वाट : दाणा वाळवून भरा

ज्वारी, गहू साठवताना दाण्यात पाणी १२ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. हरभरा, तूर अशा कडधान्यांत ते ९ ते १० टक्के असावे. इतक्या कोरड्या दाण्यात बुरशी वाढत नाही आणि किडीची पैदासही मंदावते. ज्वारी-गव्हात १४ टक्क्यांच्या वर पाणी गेले की बुरशीला आमंत्रण मिळाले म्हणून समजा. बियाण्याबाबत जाणकारांचा एक ढोबळ हिशेब आहे : दाण्यातले पाणी एक टक्क्याने कमी केले की बियाण्याचे आयुष्य जवळजवळ दुप्पट होते.

आता ही टक्केवारी घरी मोजायची कशी? तीन उपाय सांगतो.

एक, दाताचा. दाणा दाताखाली धरला की कट्‌कन फुटला पाहिजे. दबला किंवा चिवट लागला तर अजून ऊन द्यावे.

दुसरा, मिठाचा. काचेची कोरडी बरणी घ्या. त्यात कोरडे बारीक मीठ घालून मूठ-दोन मुठी धान्य टाका. झाकण लावून काही मिनिटे हलवा. मीठ बरणीच्या काचेला चिकटले तर धान्य ओले आहे. ते मुळीच भरू नका. मीठ मोकळे राहिले तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण ही परीक्षा फार ओले धान्यच पकडते. दाताची परीक्षाही करावीच.

तिसरा, काट्याचा. ज्वारीचे १०० किलोचे पोते १४ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर वाळवले तर वजनात सुमारे सव्वादोन किलोची घट येते. घट आली म्हणून हळहळू नका. गेले ते पाणी, दाणा तेवढाच आहे.

वाळवण्यातही दोन चुका होतात. पहिली चूक बियाण्याची. भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर किंवा फरशीवर बियाणे पसरू नये, अति उष्णतेने कोंब मरतो. सकाळचे आणि उतरत्या दुपारचे ऊन द्यावे, ताडपत्रीवर पातळ थर करून मधून मधून हलवावे. दुसरी चूक घाईची. उन्हात तापलेले धान्य तसेच कोठीत ओतले तर आतली वाफ वर जाते आणि रात्री थंड पत्र्याला लागून तिचे पाणी होते. ते पाणी ठिबकते पुन्हा धान्यावरच. म्हणून धान्य सावलीत पूर्ण गार होऊ द्यावे आणि मगच भरावे.

दुसरी आणि तिसरी वाट : भुई आणि भिंत

पोते भुईवर ठेवू नये, मग ती भुई शेणाने सारवलेली असो की सिमेंटची. सिमेंट कोरडे दिसते, पण तेही खालून ओल ओढते. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरावा, त्यावर वीतभर उंच फळ्या किंवा घडवंची ठेवावी, आणि तिच्यावर पोती रचावीत. फळ्या नसतील तर विटांवर बांबूचे तट्टे टाकले तरी चालते. कागद अंथरून पोती थेट त्यावर ठेवणे पुरेसे नाही. खालून वारा खेळायला जागा पाहिजे.

भिंतीपासून पोती दीड-दोन फूट लांब असावीत. एवढी जागा कुठली, असं तुम्ही म्हणाल. जागा अडचणीची असेल तर निदान पावसाच्या माऱ्याची भिंत सोडून माजघराकडच्या भिंतीची बाजू धरावी, आणि हात घालता येईल एवढी तरी फट ठेवावी.

पत्र्याची कोठीही घडवंचीवरच ठेवावी. एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला गारवा अशा जागी ती नको. एका बाजूने तापून दुसऱ्या बाजूने गार झाली की आतल्या आत ओल फिरते आणि थंड बाजूच्या धान्याला गाठी पडतात. कोठी होता होईल तो काठोकाठ भरावी. वर झाकणाखाली कोरड्या गोणपाटाची घडी ठेवावी. झाकणाला पाणी सुटलेच तर ते गोणपाट पिऊन घेईल. उघडीप मिळाली की त्याला ऊन दाखवावे.

कणगी असेल तर तिचे सारवण चैत्र-वैशाखातच उरकावे आणि ती कडक उन्हात चांगली वाळवून मग भरावी. पाऊस तोंडावर आल्यावर सारवलेली कणगी ओली राहते आणि ती ओल पहिल्यांदा दाणाच घेतो.

चौथी वाट : हवा

येथे बहुतेकांची गल्लत होते. कोणी म्हणतो, धान्याला वारा लागला पाहिजे, आणि भर पावसात खोलीची दारे-खिडक्या उघडी टाकतो. कोणी एकदा कडी लावतो ती दसऱ्यालाच काढतो. दोन्ही चूक.

नियम सोपा आहे. बाहेरची हवा कोरडी तेव्हा उघडा; दमट तेव्हा बंद ठेवा. हवा कोरडी की दमट हे कसे ओळखावे? स्वयंपाकघरातले खडे मीठ पाहा. मिठाला पाणी सुटले असेल तर कोठीचे झाकण काढू नका, धान्याची खोली बंद ठेवा. मीठ खडखडीत असेल आणि स्वच्छ ऊन पडले असेल तर दुपारी दोन-तीन तास दारे उघडा आणि ऊन कलण्याच्या आत लावून घ्या. मिठाला आणि बुरशीला साधारण सारखीच दमट हवा मानवते, म्हणून ही खूण खरी ठरते.

रोजच्या वापराचे धान्य लहान डब्यात वेगळे काढून ठेवावे. मोठी कोठी रोज उघडली की रोज दमट हवा आत जाते.

खोलीत ओल वाढवणाऱ्या गोष्टीही असतात. ओले कपडे, ओल्या घोंगड्या, भिजलेली इरली तेथे वाळत घालू नका. युरियाची पोती धान्याजवळ मुळीच नकोत. युरिया हवेतले पाणी ओढून पाझरतो.

कडुलिंबाच्या पाल्याबद्दलही थोडे बोलू. पाला चांगलाच, पण तो सावलीत कडकडीत वाळवलेला हवा. हिरवा पाला थरांत घालणे म्हणजे आपल्याच हाताने धान्यात पाणी घालणे. राख मिसळायची तीही चाळलेली आणि कोरडी असावी.

हवाबंद साठवण

आपल्या वाडवडिलांची पेवे तुम्हाला आठवत असतील. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच. उंचावरच्या, पाणी न लागणाऱ्या जमिनीत पेव खोदायचे, माल भरून तोंड बंद करायचे. आत हवा शिरत नाही, असलेला प्राणवायू संपतो आणि किडी गुदमरून मरतात. पण हीच गोष्ट माणसाच्या जिवावर उठते. पेव उघडल्याबरोबर आत उतरू नये. त्यात विषारी हवा कोंडलेली असते.

आज बाजारात अनेक पदरी हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचे तत्त्व तेच आहे. पण ध्यानात ठेवा, त्यात दाणा पुरता वाळवूनच भरावा. ओला दाणा हवाबंद केला तर ओलही आतच कोंडली जाते, आणि बियाणे असेल तर ते हमखास मरते.

दर पंधरवड्याला पाहणी

धान्य भरले आणि विसरले असे होऊ नये. पंधरा दिवसांनी एकदा, उघडीप पाहून, एवढे करा.

हात कोपरापर्यंत दाण्यात घाला. आत ऊब लागली किंवा कोंदट वास आला तर समजा की बुरशी किंवा कीड कामाला लागली. खोल थप्पीत लोखंडी सळई खुपसून पाव तास ठेवा आणि काढल्याबरोबर हातात धरून पाहा. टोक गरम लागले तर पोते त्याच दिवशी सोडा.

एक पोते खुणेचे ठेवा. भरताना त्याचे वजन करून त्यावर लिहा. श्रावणात परत तोला. १०० किलोला दोन किलो वजन वाढले असेल तर आनंद मानू नका. धान्य तेवढे पाणी प्याले आहे.

ओले निघालेले धान्य कोरड्यात मिसळू नका. बाहेर पाऊस असेल तर घरातच तट्ट्यावर दोन-तीन बोटे जाडीचा थर पसरा, पंखा असेल तर लावा, सारखे हलवा आणि ऊन मिळताच वाळवा.

कीड दिसली म्हणून ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नका. हवेतल्या ओलीनेच त्यातून विषारी वायू सुटतो. त्या वायूने झोपेतली माणसे दगावली आहेत. ते काम जाणत्या, परवानाधारक माणसाचे, आणि तेही वस्तीपासून दूर असलेल्या गोदामातले.

बुरशीचे धान्य पोटात नको

"वाया कशाला घालवायचं, धुऊन दळून घेऊ," असे आपण म्हणतो. येथे मात्र काटकसर करू नका. मका आणि भुईमूग यांवर वाढणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते आणि भाजून-शिजवून पुरते जात नाही.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागातील आदिवासी गावांत असेच घडले. मक्याच्या सुगीत अवकाळी पाऊस झाला. बुरशी चढलेला मका लोकांनी खाल्ला, दुसरे खायला नव्हते. कावीळ झाली, पोटात पाणी झाले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. तोच मका खाणारी गावातली कुत्रीही आजारी पडली. म्हणून बुरशीचे धान्य जनावरांनाही घालू नका. दुभत्या जनावराने ते खाल्ले तर विषाचा अंश दुधात उतरतो आणि ते दूध आपलीच लेकरे पितात.

पेरणीआधी बियाण्याची परीक्षा

घरचे बी पेरण्यापूर्वी पंधरा दिवस त्याची उगवण पाहा. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून दाणे घेऊन १०० मोजा. ओल्या गोणपाटावर ओळीने मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओल टिकवा. आठवडाभरात धडधाकट कोंब किती आले ते मोजा. हरभऱ्याचे ८५ आणि ज्वारीचे ७५ आले तर बी प्रमाणित बियाण्याच्या तोडीचे आहे. हरभऱ्याचे ६० च आले तर बी जवळजवळ दीडपट लागेल. निम्म्याच्या आत आले तर ते बी पेरू नका, वेळ आहे तोवर दुसरी सोय करा.

एवढे ध्यानात ठेवा

१. दाताखाली कट्‌कन फुटेल असा वाळवा, गार करा, मग भरा.
२. खाली कागद, त्यावर घडवंची; भिंत सोडून थप्पी.
३. मिठाला पाणी सुटले तर झाकण बंद. मीठ कोरडे तर दुपारी उघडा.
४. पंधरवड्याला एकदा हात घालून पाहा.
५. बुरशीचे धान्य माणसाला नको आणि जनावरालाही नको.
६. पेरणीआधी १०० दाणे उगवून पाहा.

घरातली साठवण बहुतेक ठिकाणी माउलीच्या हातात असते, म्हणून हे पत्रक घरात वाचून दाखवा आणि मिठाच्या बरणीशेजारी अडकवून ठेवा. पावसाने यंदा शेताला हवे तेवढे द्यावे. कणगीत मात्र त्याला शिरकाव नको. नमस्कार.