जितकी पळेल तितकी बचत

भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातल्या रांजणगावात टाटांची नेक्सॉन तयार होते. तिचा विजेवर चालणारा अवतार जानेवारी 2020 मध्ये आला, तेव्हा किंमत 13.99 लाखांपासून सुरू होत होती. तशाच सोयींच्या पेट्रोल गाडीपेक्षा काही लाखांनी जास्त. नदीच्या अलीकडे, दौंड तालुक्यातल्या यवतला, जिथं ऊस गेल्यावर घरात मोठा पैसा येतो, तिथं एवढा फरक कोण सोसणार?

चित्र पालटलं 2021 मध्ये. पेट्रोलनं शंभरी ओलांडली आणि जुलैत राज्याचं विजेच्या गाड्यांसाठीचं नवं धोरण आलं. पहिल्या 10,000 मोटारींना दीड लाखापर्यंत सवलत, लवकर घेणाऱ्यांना वर आणखी एक लाखापर्यंत. या गाड्यांवरचा जीएसटी 2019 पासूनच 5 टक्क्यांवर आला होता. पुढं टियागो, कॉमेट, पंच अशा लहान गाड्याही विजेवर आल्या आणि पेट्रोल-विजेच्या किमतीतली दरी बरीच बुजली.

तरी बचतीचा हिशेब गाडीच्या किमतीवर नाही, ती किती पळते त्यावर ठरतो. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि लिटरला 15 किलोमीटर धरले, तर किलोमीटरला सात रुपये. विजेच्या गाडीला एका युनिटला सहा किलोमीटर आणि युनिटला 12 रुपये धरले, तर दोन रुपये. म्हणजे किलोमीटरमागे पाच रुपये सुटतात. यवतहून रोज पुण्याला कामाला जाणाऱ्याचं जाऊन-येऊन 90 किलोमीटर होतं, वर्षाला 25,000 च्या आसपास. किमतीतला सुरुवातीचा फरक साडेचार लाख धरला, तर तो त्याचा साडेतीन वर्षांत वसूल. पण लग्नकार्य, दवाखाना आणि भुलेश्वरचं दर्शन एवढ्यासाठीच गाडी काढणाऱ्याची वर्षाला 6,000 किलोमीटरही होत नाहीत. त्याला पंधरा वर्षं लागतील, आणि 2020 च्या नेक्सॉनच्या बॅटरीची हमी होती आठ वर्षांची! हायवेवरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस रुपयांच्या आसपास मोजणाऱ्याची बचत आणखी आटते. जुनी गाडी विकताना मिळणारी पडेल किंमत तर या हिशेबात धरलेलीच नाही.

घरच्या मीटरचीही एक मेख आहे. महावितरणच्या घरगुती दरात 100 युनिट ओलांडले की पुढच्या युनिटचा दर दुपटीच्या घरात जातो, 300 नंतर आणखी चढतो. रोज पुण्याला जाणाऱ्याची गाडी एकटीच महिन्याला 300 पेक्षा जास्त युनिट पिते. गाडीसाठी वेगळी जोडणी घेता येते हे केंद्राच्या नियमांत फेब्रुवारी 2024 मध्ये स्पष्ट झालं. ती न घेता कुणी विजेची गाडी परवडते म्हणत असेल, तर त्याचं बिल एकदा बघावं.

पर्यावरणाचं काय? देशातली सत्तर टक्क्यांच्या आसपास वीज अजून कोळशावर होते. आयसीसीटी या संस्थेच्या 2021 च्या अभ्यासात, गाडी बनण्यापासून मोडीत निघेपर्यंतचा हिशेब धरून, भारतात विजेच्या गाडीचं उत्सर्जन पेट्रोल गाडीपेक्षा 19 ते 34 टक्के कमी भरलं. युरोपात हाच फायदा 66 ते 69 टक्के. म्हणजे जाहिरातीतलं ‘शून्य प्रदूषण’ खरं नाही, आणि ‘धूर फक्त चंद्रपूर-कोराडीच्या वीजकेंद्रांत हलवला’ हा टोमणाही पुरता खरा नाही. बॅटरी बनवतानाचा कार्बन फिटायला मात्र हजारो किलोमीटर जावे लागतात, त्यामुळे शेडमध्ये उभी असलेली विजेची गाडी निसर्गाच्याही काही कामाची नाही. छतावर सौर पॅनल बसवले (2024 च्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे) तर बिल उतरतं. पण ऊन असतं तेव्हा गाडी पुण्यात असते आणि रात्री जी वीज तिच्यात भरते ती मुख्यतः कोळशाचीच.

शिवाय यवतची हवा मोटारींपेक्षा गुऱ्हाळांच्या चुलाणांनी आणि सोलापूर रस्त्यावरच्या ट्रकांनी जास्त बिघडते. आता पेट्रोलही निखळ राहिलेलं नाही. त्यात 20 टक्के इथेनॉल आहे, आणि या पट्ट्यातला शेतकरी उसातून त्याच्याशी बांधलेला आहे. विजेच्या गाड्या वाढल्या तर तोटा फक्त पेट्रोलपंपाचा होणार नाही, हे साखर कारखान्याच्या सभासदांनी ओळखलेलं बरं.

माझ्या मते या काळातली खरी संधी मोटारीत नव्हतीच. 1 जून 2022 ला एसटीची पहिली विजेवरची शिवाई पुणे-नगर मार्गावर धावली, शिरूरवरून. यवतच्या वाट्याला रेल्वे होती. पुणे-दौंड मार्गावर 2017 मध्ये विजेच्या तारा आल्या, आणि त्याच वर्षी त्या तारांखालून प्रवाशांसाठी सुरू झाली ती डिझेलवरची डेमू. सरकारनं एकेका मोटारीला अडीच लाखांपर्यंत द्यायची तयारी दाखवली. पासधारक मात्र विजेवरची लोकल मागत राहिले.