भाव, गाठ आणि सरकी

वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या वाटेला लागण्यापूर्वी अमरावतीच्या व्यापाऱ्याचे लक्ष मिर्झापुराकडे असे. बैलांच्या पाठीवरून शेकडो मैल धूळ आणि पाऊस खात तो माल गंगाकाठी पोहोचे. १८२५-२६ च्या सुमारास विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनी तो मुंबईकडे वळवला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटेल, असे काही त्यांच्या स्वप्नात आले नव्हते. परंतु १८६१ साली ते पेटले, तिकडच्या दक्षिणी बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून तडफडू लागल्या आणि वऱ्हाडी मालाला सोन्याचे मोल आले, तेव्हा मुंबईची वाट मळलेली होती. ती घालून देणारी मेहेरजी बंधूंची पेढी मात्र तोवर बुडाली होती. कापसाने नव्हे, निजाम सरकारला दिलेल्या कर्जाने. एकाच ऋणकोवर, मग तो राजा का असेना, सारी भिस्त ठेवणे तिला भोवले.

१८६५ च्या एप्रिलात युद्ध संपले, भाव कोसळला, आणि मुंबईत कापसाच्या पैशावर फुगलेल्या बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या पाच हजारांच्या शेअरला पन्नास हजार मोजणाऱ्यांची धूळधाण झाली. मुंबईचे बडे सटोडिये प्रेमचंद रायचंद यांचाही इलाज चालला नाही. अकोला-बडनेऱ्यावरून आगगाडी नागपुरास पोहोचली १८६७ साली, म्हणजे तेजीची वरात निघून गेल्यावर!

तरी वऱ्हाडचा बाजार ओस पडला नाही, कारण पुढे इथल्या पैसेवाल्यांनी सरकी काढणाऱ्या जिनात आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसात भांडवल घातले. जिनाच्या आवारात एकदा उभे राहून पाहावे: सरकी पायाखाली सरकते, हवेत रुईचे तंतू तरंगतात, आणि दाबलेली गाठ पट्ट्यांनी आवळून बाहेर पडते. गाठीमागची मजुरी भाव चढो वा पडो, बुडत नाही. सरकी तेलाला, पेंड म्हशीला. जिनवाल्याचे खरे भय भावाचे नव्हे, रिकाम्या आवाराचे. सोयाबीनने कापसाचे बरेच क्षेत्र बळकावल्यापासून ते त्याला चांगलेच कळते.

शेतकऱ्यापाशी जिन नाही. त्याच्यापाशी फार तर एक खोली असते. तिच्यात आढ्यापर्यंत कापूस कोंबून, घरच्यांच्या अंगाला खाज सुटली तरी, तो भावाची वाट पाहतो. ज्याच्या मानेवर कृषी केंद्राची उधारी, त्याची गाडी मात्र पहिल्या वेच्यालाच बाजारात उभी असते.