आंघोळीपर्यंतचा स्पर्श

आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजांच्या अनेक मुलांची शाळा म्हणजे आश्रमशाळा. मूल तेथेच शिकते, जेवते आणि झोपते. साहजिकच तेथील शिक्षक घंटा वाजली की संपत नाही. अशा शिक्षकापुढे आदर्श ठेवला जातो तो साने गुरुजींचा, आणि पुस्तक ठेवले जाते 'श्यामची आई'. हा आदर्श मोठाच आहे. परंतु तो कोठवर जातो, हे तपासणे आपले काम आहे.

गुरुजी 1924 ते 1930 या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालय सांभाळताना ते मुलांच्या खोल्या झाडीत, त्यांच्यासाठी हस्तलिखित दैनिक काढीत. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. आश्रमातल्या सोबत्यांना श्याम रात्री आठवणी सांगतो, ही तिची चौकट त्याच सहवासातून आलेली दिसते.

जवळपास त्याच वेळी, 1934 साली, इंग्लंडमध्ये जेम्स हिल्टन यांची 'गुडबाय, मिस्टर चिप्स' प्रसिद्ध झाली. तीही निवासी शाळेतल्या लाडक्या मास्तरांची कथा. चिप्सची पत्नी कॅथरीन पुढारलेल्या विचारांची. तिच्या आग्रहावरून लंडनच्या पॉपलर या गरीब वस्तीतली मुले ब्रुकफील्डला फुटबॉल खेळायला येतात. सामना होतो, खाणेपिणे होते, मुले परत जातात. ती पाहुणी ठरतात. विद्यार्थी होत नाहीत.

'श्यामची आई'त एका महार म्हातारीची मोळी पडते. आई श्यामला सांगते, तिला शिवून मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळी, त्या घरात हे धाडसच होते. पण स्पर्श आंघोळीपर्यंतचाच. दोन्ही कथांत दार एक स्त्री उघडते, आणि दोन्हीकडे ते अर्धेच उघडते.

रूपांतरांनी या कथा घरोघर नेल्या. 'चिप्स'वर 1939 आणि 1969 साली चित्रपट निघाले. दुसऱ्यात तर कॅथरीन गाणारी नटी झाली. आचार्य अत्रे यांच्या 1953 च्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. 2023 साली सुजय डहाके यांनी ती कथा पुन्हा पडद्यावर आणली. रूपांतराला अश्रू लवकर सापडतात. अर्धे उघडलेले दार मात्र प्रेक्षकाने स्वतःच पाहावे लागते.

ते पुरते उघडण्याचा प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे. 1924 साली भाऊराव पाटलांनी साताऱ्यात काढलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एका पंगतीत जेवली. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रही दिले. तेथे मूल पाहुणे नव्हते. स्वतः गुरुजीही आंघोळीपाशी थांबले नाहीत. 1947 साली पंढरपूरचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले.

म्हणून आश्रमशाळेत 'श्यामची आई' जरूर वाचावी, पण मोळीचे प्रकरण गाळू नये. वाचून झाल्यावर मुलांना विचारावे: त्या म्हातारीचा नातू श्यामच्या वर्गात असता, तर तो कोठे बसला असता? उत्तर मुलांना द्यावे लागेल, आणि मास्तरांनाही. प्रेमळ मास्तरांची थोरवी त्यांच्या निरोपाच्या दिवशी किती डोळे पाणावले यावर मोजू नये. त्यांच्या पंगतीत कोण बसले आणि कोण दाराबाहेर राहिले, यावर ती मोजावी.