फॉर्म कोण भरतं?

‘रुग्णालयात इन्सिडंट फॉर्म निघाला की त्यात नाव डॉक्टरचंच का?’ असं एका वाचक डॉक्टरांनी विचारलंय. सूर तक्रारीचा असला तरी प्रश्न रास्त आहे.

अमेरिकेतल्या 26 रुग्णालयांतल्या चुका-दुर्घटनांच्या अशा 92,547 नोंदी तपासणारा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. जवळपास निम्म्या नोंदी परिचारिकांनी केलेल्या, डॉक्टरांच्या दोन टक्क्यांहूनही कमी! साहजिकच फॉर्मवर उतरतं ते सिस्टरांना दिसलेलं. ‘रात्री डॉक्टरांना तीनदा फोन केला, आले नाहीत.’ यातलं अक्षर न् अक्षर खरं असेल. त्याच वेळी ते आयसीयूत दुसऱ्या रुग्णाच्या घशात नळी घालत होते, हे लिहायला मात्र त्या फॉर्मात रकाना नसतो. एकतर्फी चित्र उभं राहायला कुणाचा आकस लागतोच असं नाही.

तरीही या फॉर्मांवरून ‘कोण किती चुकतं’ याचे रंगीत तक्ते बैठकांत झळकतात. हा नुसता अंश झाला, छेद कुठाय? आणि अंश तरी पुरा असतो का? इंग्लंडमधल्या एका मोठ्या रुग्णालयात सुमारे हजार रुग्णांचे केसपेपर चाळून नोंद-यंत्रणेशी ताडले, तेव्हा दोन्ही मिळून 324 घटना हाती लागल्या. नोंद-यंत्रणेत त्यातल्या 54 होत्या. तिकडे बऱ्याच रुग्णालयांत ‘डेटिक्स’ नावाच्या सॉफ्टवेअरवर नोंद करतात, आणि ‘तुझं डेटिक्स करीन’ ही वॉर्डातली चक्क धमकी झाली आहे.

अशा वेळी मला जेफ्री कूपर आठवतात. 1999 च्या गाजलेल्या अमेरिकी अहवालानंतर वैद्यकीय चुकांवर सगळेच बोलू लागले. कूपरनी हे काम सत्तरच्या दशकातच बोस्टनला सुरू केलं होतं. गडी डॉक्टर नव्हे, इंजिनिअर! वैमानिकांसाठी विकसित झालेली मुलाखतीची पद्धत उचलून त्यांनी भूलतज्ज्ञांनाच बोलतं केलं. 1978 च्या निबंधात 359 घटना आहेत, त्यातल्या 82 टक्क्यांत मानवी चूक. एखाद्याने इथेच हात झटकले असते. कूपरनी त्या चुकांची जात पाहिली: श्वासाची नळी निसटणं, वायूचा प्रवाह नकळत बदलणं, सिरिंजची अदलाबदल. माणसं वेगळी, चुका त्याच.

आता वाचक डॉक्टरांना उलट प्रश्न: तुम्ही स्वतः शेवटचा फॉर्म कधी भरलात? भरत नसाल, तर त्याचं कारणही विमानवाल्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत 1976 पासून वैमानिक आपल्या चुका ‘नासा’ला कळवतात. परवाना ज्यांच्या हाती, त्या खात्यापुढे ते मोकळे होणार नाहीत, म्हणून ही सोय. नकळत झालेली चूक दहा दिवसांत कळवली, तर सहसा दंडही माफ होतो. रुग्णालयातला फॉर्म मात्र रुग्णालयाच्याच क्वालिटी विभागात जातो, आणि तिथून वरिष्ठांच्या टेबलावर.